कांजी केलेलं जाकीट

मला कपडे धुता येतात. ही बढाई आहे, पण खरी आहे. यवतमाळच्या एका सरकारी कचेरीत मी चौतीस वर्षं काढली आणि त्यातल्या एकाही दिवशी माझ्या शर्टाला दुसऱ्या कोणाचा हात लागू दिला नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात बायकोनं एकदा हौसेनं धुतला होता. मी तो तिच्यासमोर पुन्हा भिजत घातला. असं करू नये हे मला आता कळतं. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

आमच्याकडे ती रीतच होती. वडील कारकून, आजोबा कारकून. घरात सगळं बेताचं, पण अंगातला सदरा असा की समोरच्यानं न सांगता खुर्ची पुढे करावी. वडील म्हणायचे, कचेरीत माणसाची किंमत आधी कॉलरवरून ठरते, अक्षर मग पाहतात. सोड्याच्या पाण्यात भिजवणं, ब्रशनं घासणं, पांढऱ्याला नीळ, मग कांजी, कडक उन्हात वाळवणं आणि थोडं ओलसर असतानाच उतरवून इस्त्री फिरवणं, हे सगळं मी मुंजीच्या वयात शिकलो. गणित त्यानंतर शिकलो आणि ते इतकं चांगलं जमलं नाही.

निवृत्त झालो त्याच्या पुढच्याच वर्षी पुण्याला सुनेचं बाळंतपण निघालं. बायको तिकडे गेली. मुलगी वणीत एकटी भाड्यानं राहत होती, म्हणून मी तिच्याकडे. भावांनी भांडी वाटून घ्यावीत तसे आम्ही नवराबायको वाटले गेलो. मी काही तक्रार केली नाही. गणपती उठले आणि दुसऱ्या दिवशी माझी ट्रंक, माझी इस्त्री आणि मी एसटीनं वणीला उतरलो.

मुलगी खदानीत सर्व्हेअर आहे. राजूरच्या बाजूला एक उघडी कोळसा खदान आहे, तिथे. लोक विचारत, मुलगी काय करते? मी म्हणे, सर्व्हेअर. त्यांना वाटे भूमी अभिलेखात असेल, शेताच्या मोजण्या करत असेल. मी तसं वाटू देत असे. खरं म्हणजे ती नक्की काय करते हे मलाही नीट माहीत नव्हतं. पहाटे सव्वापाचला जीप यायची, तीनच्या सुमारास परत सोडायची. मधल्या वेळात ती तीन पायांचं यंत्र घेऊन खड्ड्यात उतरते आणि किती माती निघाली, किती कोळसा निघाला ते मोजते, एवढं मला कळलं होतं. खड्डा केवढा आहे हे विचारलं तर ती म्हणाली, "आपलं यवतमाळातलं घर, त्याच्यावर अजून एक, असे पंधरा-वीस रचा." मी तेवढी घरं रचेपर्यंत ती झोपून गेली होती.

तिचं जाकीट मी पहिल्याच दिवशी पाहिलं. न्हाणीच्या दाराला आतून टांगलेलं होतं. बिनबाह्यांचं, पोपटी रंगाचं असावं असा अंदाज करावा लागत होता, कारण त्यावर काळ्या चिखलाचे थर होते. छातीवर, पाठीवर आणि खांद्यांवरून खाली रुपेरी पट्ट्या. खदानीत सगळे त्याला रेडियमचं जाकीट म्हणतात. मी तिला विचारलं, हे धुतेस कधी?

"रविवारी, जमलं तं. नुसतं पाण्यातून काढते."

पाण्यातून काढते! आमच्या तीन पिढ्यांत कोणी कपडा पाण्यातून काढला नव्हता. मी म्हटलं, उद्यापासून हे माझ्याकडे. ती हसली आणि म्हणाली, "बाबा, ते काही कचेरीत घालाचं नाही." पण मी ते तोवर बादलीत बुडवलं होतं.

त्याच संध्याकाळी तिनं मला त्या पट्टीचं सांगितलं. मी घासत होतो, ती ओट्याशी चहा करत होती. म्हणाली, "बाबा, डंपरचा ड्रायव्हर दीड माळा वर बसते. त्याले खाली उभा असलेला माणूस दिसतच नाही. दिव्याच्या उजेडात ही पट्टी चमकते ना, ते दिसते त्याले. पट्टी दिसली का तो थांबते." हे तिनं अगदी सहज, साखर किती टाकू विचारावं तसं सांगितलं.  म्हणजे माझी मुलगी रोज दुपारी घरी परत येणार की नाही, ते या चार बोटं रुंद पट्टीवर आहे. आणि ती पट्टी चिखलानं बरबटलेली. मी ब्रश आणखी जोरात फिरवायला लागलो. माझ्या जागी कोणीही तेच केलं असतं. असं मला वाटतं. आता खात्री नाही.

त्या दिवसापासून ते माझं काम झालं. ती तीनला आली की साडेतीनला जाकीट सोड्यात. चारला ब्रश. पट्टीवर जास्त, कारण जीव तिच्यात. चारच्या पुढचं ऊन गच्चीवर बरं यायचं, त्यात वाळत. वणीचं ऊन म्हणजे कपड्याला दुसरा धोबी. ढग असले तर पंख्याखाली. दिवेलागणीला हलकी कांजी आणि मग इस्त्री. जाकिटाला कांजी कोण करतं असं तुम्ही म्हणाल. पण कांजी केलेल्या कपड्यावर धूळ बसत नाही, झटकली की पडते, हे आमच्या घरातलं सिद्ध झालेलं ज्ञान होतं. दुसऱ्या दिवशी ते जाकीट घडी घालून तिच्या पिशवीवर ठेवलेलं असे, वहीसारखं.

आता त्या पट्टीविषयी. पहिल्या दिवशी ती फार भडक होती. वरातीतल्या बँडवाल्याच्या कोटाला असते तशी चकचकीत. मला ती आवडली नव्हती, पण म्हटलं असेल कामाची गोष्ट. महिन्याभरात माझ्या हाताखाली ती निवळली. रुपेरीची राखाडी झाली, छान मऊ, एकसारखी. मला वाटलं, वरचा सगळा मळ आणि तेलकटपणा निघाला आणि आता खरी पट्टी वर आली. ती सभ्य दिसायला लागली. पोपटी रंगही उतरला, लिंबाच्या सरबतासारखा झाला. तोही मला अंगाला शोभेल असा वाटला. मी ते गच्चीवर धरून दिवसाच्या लख्ख उजेडात सगळ्या बाजूंनी न्याहाळत असे. कुठे एक डाग दिसेल तर शपथ.

आत शिवणीला एक पांढरी चिंधी होती आणि तिच्यावर पाच बारीक चित्रं. एका टबात आकडा, एक त्रिकोण, एक चौकोन, आणखी कसलासा गोल आणि एक इस्त्री. त्रिकोणावर फुली होती, इस्त्रीवरही होती. मी आयुष्यभर शासन निर्णय वाचले. परिपत्रक कितीही लांबलचक असो, त्यातली पळवाट मला पहिल्या वाचनात सापडायची. पण इथे एकही अक्षर नव्हतं आणि सही नव्हती. बिनसहीच्या कागदाला मी कधी भीक घातली नाही. इस्त्रीवरच्या फुलीचा मी असा अर्थ लावला की इस्त्री थेट टेकवू नये, मध्ये ओलं फडकं घालावं. टेरिकॉटला आम्ही तसंच करायचो. मी फडकं घालू लागलो. पुढे कधीतरी ती चित्रं नीट पाहावीत म्हणून चष्मा लावून चिंधी उलटली, तर तिच्यावर काहीच नव्हतं. मीच ती इतकी स्वच्छ धुतली होती.

दिवाळी झाल्यावर एकदा, मी इस्त्री करत असताना ती मागे येऊन उभी राहिली.  मग म्हणाली, "बाबा, याले इस्त्री नाही करत म्हणते. पट्टी खराब होते म्हणते."

"कोण म्हणते?"

"असंच. कामावर बोलून राह्यले होते."

मी इस्त्रीचा पिन काढला, वायर गुंडाळली आणि आतल्या खोलीत जाऊन पडलो. इथे माझा स्वभाव सांगणं भाग आहे. माझ्या कामात कोणी खोट काढली तर मी भांडत नाही. भांडण बरं, ते संपतं. मी गप्प होतो. "पोटात बरं नाही" म्हणतो आणि जेवत नाही. बायकोनं हे आयुष्यभर सोसलं आणि मुलांना त्यातून वाट काढायला शिकवलं. आमच्याकडे मुलं पाढ्यांच्याही आधी ते शिकली. त्या वेळी मी दोन दिवस बोललो नाही, नुसत्या चहावर राहिलो. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं जाकीट स्वतः माझ्यासमोर आणून ठेवलं. म्हणाली, "करा बाबा इस्त्री. तुम्ही केलेली छान दिसते. सगळे म्हणते, मॅडम लग्नाले चालल्या का." मी उठलो, पिन लावला आणि आम्ही दोघंही हसलो. मी जिंकलो होतो. कोणाशी, ते मी पाहिलं नाही.

त्यानंतर ती अधूनमधून म्हणे, "रोज कायले धुता? हात दुखत असतील." कधी म्हणे, "कांजी नका करू बाबा, मानेले टोचते." एकदा म्हणाली, "मी स्टोअरात दुसरं मागून राह्यली, तोवर हे राहू द्या असंच." मला वाटे, लेकीची माया. माझ्या हातांची तिला काळजी. मी फोनवर बायकोला हे सगळं कौतुकानं सांगायचो. बायको पलीकडून विचारी, "तुम्ही तिचं ऐकता ना?" आणि मी म्हणे, "ऐकतो की. काल म्हणाली छान दिसते."

मग थंडीतला तो दिवस. ती साडेदहालाच घरी आली. जीप दारात थांबलेली पाहून मी बाहेर आलो, तर ती उतरत होती, हेल्मेट हातात, एका बाजूनं पायापासून खांद्यापर्यंत काळी आणि कोपर सोललेलं. आत आली, पाणी प्यायली, मग खाली बसून सांगितलं. सकाळी साडेसहाची वेळ, अजून पुरतं उजाडलं नव्हतं, धुकं होतं. वळणावर यंत्र लावून ती उभी होती. डंपर आला. तो थांबेल म्हणून ती थांबली. तो थांबला नाही. सोबतच्या माणसानं बोंब मारली तेव्हा तिनं बाजूच्या मातीच्या ढिगावर अंग टाकलं. यंत्राचे तिन्ही पाय चाकाखाली गेले.

"दारू पिऊन होता का तो?" मी ओरडलो.

"नाही."

"मग झोपला होता! आंधळा आहे का? इतकं स्वच्छ जाकीट अंगात असताना दिसत नाही म्हणजे काय?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "लाइट माझ्या अंगावर होता, बाबा. पुरा." आणि जाऊन पडली.

 मी तिच्यासाठी घाबरलो होतो, पण भीती मला कधी भीतीसारखी येत नाही, ती रागासारखी येते. मी कागद काढला. अर्ज हा माझ्या हातचा मळ. विषय, संदर्भ, महोदय. सदरहू चालकाने समोर महिला कर्मचारी उभी असताना, तिने विहित सुरक्षा जाकीट स्वच्छ व सुस्थितीत परिधान केले असताना, केवळ हयगयीने... असा दोन पानी अर्ज मी तासाभरात लिहिला. 'स्वच्छ व सुस्थितीत' खाली रेघ ओढली. दाराशी उभं राहून तिला वाचूनही दाखवला.

"नका देऊ," ती आतून म्हणाली.

"घाबरू नको. मी आहे."

"मी घाबरून नाही राह्यली."

मला काही उमजेना. चाकाखालून वाचलेली पोरगी, आणि तिला चालकाची दया येते? मी अर्ज पाकिटात घातला, उद्या जाऊन स्वतः देणार होतो. मग वेळ जाईना म्हणून तिचं जाकीट धुतलं. त्या दिवशी मी ते दोनदा धुतलं.

दिवेलागणीच्या सुमारास दार वाजलं. बाहेर चाळिशीतला एक माणूस, दाढीत दोन-चार पांढरे केस, हातात प्लास्टिकची पिशवी. "मॅडम हाये का? मी डंपरवाला," तो म्हणाला.

मी त्याला उंबऱ्यावरच धरला. काय काय बोललो ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. तुझ्या घरी लेकीबाळी नाहीत का, इथपासून तुझं लायसन कोणी दिलं, इथपर्यंत. तो मान खाली घालून ऐकत होता. शेजारच्या घरातून टीव्हीचा आवाज बंद झाला. मला दम लागला तेव्हा तो हळूच म्हणाला, "काका, तुमचं बरोबर हाये. अल्लानं वाचवलं. पण मी माफी मागाले नाही आलो, मी मॅडमचे उपकार मानाले आलो. मले सकाळीच बसवलं होतं, नोकरी गेलीच होती समजा. मॅडमनं साहेबाले लिहून देल्लं का चूक ड्रायव्हरची नाही, माझ्या जाकिटाची पट्टी मेली होती म्हणून. उद्यापासून मले कामावर घेतलं. मेमो त्याहिलेच भेटला."

मी म्हटलं, "पट्टी मेली म्हणजे?"

त्यानं पिशवीतून एक जाकीट काढलं. ग्रीसचे डाग, कोळसा, एका बाजूची शिवण उसवलेली, वास डिझेलचा. "हे माझं जास्तीचं. मॅडमले स्टोअरातून सोमवारी भेटीन. तोवर उद्या-परवा हे घालू द्या."

मला तो अपमान वाटला. मी आत गेलो, इस्त्री करून ठेवलेलं आमचं जाकीट आणलं आणि त्याच्या हातावर ठेवलं. "हे बघ. आणि ते बघ. माझी मुलगी हे सोडून ते घालेल?"

त्यानं ते हातात घेतलं. पट्टीवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. कापड कडक लागलं म्हणून नाकाशी धरून वासही घेतला. मग माझ्याकडे फार विचित्र नजरेनं पाहत म्हणाला, "काका, खिडक्या लावता का जरा?"

का कोण जाणे, मी लावल्या. त्याचं जाकीट त्यानं आतल्या भिंतीच्या खुंटीवर अडकवलं, आमचं त्याच्या शेजारी. दिवा बंद केला. आम्ही दोघं उंबऱ्याशी आलो आणि त्यानं मोबाइलची बॅटरी कपाळाजवळ धरून लावली.

खुंटीवर पांढऱ्या उजेडाच्या तीन रेघा पेटल्या. डोळ्याला झोंबाव्यात इतक्या. दोन खांदे, एक छाती. तिथे कोणी नव्हतं आणि तरी माणूस उभा असल्यासारखा दिसत होता. त्याच्या शेजारी काहीच नव्हतं. भिंत होती.

"तुझी बॅटरी वाकडी आहे," मी म्हणालो.

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. मी त्याच्या हातातून मोबाइल घेतला. पुढे गेलो, मागे आलो. जाकिटांच्या खुंट्या बदलल्या. उजेड त्या मळक्या जाकिटावरच पेटत होता, माझ्या जाकिटावर पडून नाहीसा होत होता. मी चष्मा आणून लावला. मला खरोखर कळत नव्हतं. जे घाण ते दिसतं आणि जे स्वच्छ ते दिसत नाही, असं कसं असेल? मग मी चौतीस वर्षं काय करत होतो? असाही एक विचार मध्येच येऊन गेला, त्याचा इथे काही संबंध नसताना.

तो समजावून सांगत होता. पट्टीत काचेचे बारीक कण असतात, डोळ्याला दिसत नाहीत. तेच उजेड परत फेकतात. ब्रशनं ते झडतात, सोड्यानं सुटतात, इस्त्रीच्या आचेनं वितळतात. "कांजी केली असंन तं वरून अजून पापुद्रा बसते. दिवसा पाहा तं एकदम नवं. रातच्याले मेलेलं. आम्ही तं पंधरा दिसातून एकदा साध्या पाण्यानं हातानं चोळतो अन् सावलीत टाकतो." तो अगदी हळू बोलत होता, आजाऱ्याशी बोलावं तसं. ज्याला मी सकाळी आंधळा म्हणालो होतो, तो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, आणि इथे तर चोर स्वतः अर्ज लिहून, खाली रेघा ओढून बसला होता.

मुलगी आतून कधी आली ते मला कळलं नाही. ती अंधारात खुंटीपाशी गेली आणि तिनं आपलं जाकीट काढून अंगात घातलं. का घातलं ते मी तिला पुढे कधी विचारलं नाही. माझ्या हातात मोबाइल तसाच होता. उजेड तिकडेच होता. मला आधी ते रिकामं जाकीट दिसलं, ठळक, खांद्यासकट. माझी मुलगी त्याच्या शेजारी उभी आहे हे मला ती बोलली तेव्हा कळलं.

"दिसलं का आता?" ती म्हणाली.

मी दिवा लावला. चालकाला चहा दिला. त्यानं दोन घोटांत संपवला, बशी स्वतः मोरीत नेऊन ठेवली आणि जाताना मला म्हणाला, "काका, मनाले लावून नका घेऊ. तुम्ही तं मायेनंच केलं." हे ऐकून मला जास्त राग आला आणि तो कोणावर काढावा ते कळेना. मी त्याची माफी मागितली की नाही? मला आठवतं मी "सांभाळून जा" म्हणालो. माफी मागितल्यासारखं मला वाटत होतं, पण शब्द तेवढेच निघाले. दुसऱ्या दिवशी खदानीच्या फाटकापाशी जाऊन मी ती नीट मागितली. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, तो ऐकायला थांबला एवढंच.

तो गेल्यावर मुलगी कणीक मळायला बसली, सोललेलं कोपर अवघडत. मी पाकीट काढून अर्ज पुन्हा वाचला. स्वच्छ व सुस्थितीत. मी तो फाडून टाकला.

"तुला ठाऊक होतं," मी म्हणालो.

"हो."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. कामावर त्याहिनं टॉर्च मारून दाखवलं होतं."

दिवाळीपासून! म्हणजे थंडीचे सगळे दिवस, उजाडायच्या आत, रोज. मी मनातल्या मनात दिवस मोजायला लागलो आणि मध्येच सोडून दिले. "मग तू ते घालत का राहिलीस? दुसऱ्या कोणाचं मागून घ्यायचं. मला सांगायचं. काहून नाही सांगितलं मला?" आवाज चढला होता, मला कळत होतं, पण खाली येत नव्हता.

ती कणीक मळत राहिली. मग वर न पाहता म्हणाली, "सांगतलं होतं ना, बाबा. इस्त्रीचं. तुम्ही दोन दिवस जेवले नाही."

"म्हणून काय झालं? म्हणून जीव..."

"दुसऱ्याचं आणलं असतं तं तुम्ही विचारलं असतं, याले काय झालं. मंग काय सांगू?" तिनं हात झटकले. तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला काहीतरी धरायला मिळालं असतं. "मले वाटलं, संभाळून राहीन. डंपर आला तं बाजूले होता येते, बाबा."

माझ्याकडे नेहमी उत्तर असतं. बायको म्हणते, मेल्यावरही तुम्ही यमाला परिशिष्ट जोडाल. त्या संध्याकाळी मी फाडलेल्या अर्जाचे तुकडे वेचत बसलो. लहानपणापासून या मुलीनं माझ्या गप्प बसण्याची भीती घेतली होती, हे मला कोणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. धाक असतो बापाचा, म्हटलं असतं. पण तिनं दोन्ही गोष्टी समोर ठेवून पाहिल्या होत्या. एकीकडे दीड माळा उंच डंपरची चाकं, दुसरीकडे मी. आणि तिला चाकं सोपी वाटली होती.

तिनं पोळ्या केल्या, पातळ भाजी केली, दोन ताटं वाढली. मला घास गिळवेना. या खेपेला ते नाटक नव्हतं, पोटात खरंच बरं नव्हतं. ती खाली बसून ताटातल्या पोळीचा एक-एक तुकडा करत होती. खात नव्हती. माझ्या ताटाकडे पाहत होती, मी उठतो की काय म्हणून.

मी जेवलो. पूर्ण जेवलो, वरून भात मागून घेतला. ती वाढत होती आणि मी हाताची आडकाठी न करता घेत होतो.